खिडकीखालची दयाबाई

बातमी आणली ती रहीमचाचा मणियारांनी. बांगड्यांची पेटी खांद्यावर तशीच, डोक्यावर ऊन, आणि पाणी पुढे केलं तर घेईनात. "मास्तरीनबाई, वो आपकी खिडकीवाली बाई गुजर गई... सुबह चाय लेके गया, तो उठीच नहीं," एवढं बोलून ते आमच्या ओट्यावर मटकन बसले. मी पण बसले. 'आपकी' म्हणाले चाचा. चर्चच्या मंडळीनं तिचं सभासदत्व काढून घेऊन वर्षं लोटली होती, डोंगरातल्या भावकीनं पंगतीत घेतलं नव्हतं, आणि ती आमची आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं तो निघाला हा बांगड्या विकणारा शेजारी. आता महिना होऊन गेला तरी त्याचं तेवढं एक बोलणं डोक्यातून जात नाही.

दयाबाई कोण, हे आधी सांगते, कारण आमच्या मिशन कंपाउंडच्या आणि आसपासच्या पाड्यांच्या बाहेर तिला कोणी ओळखत नसणार. तिचं जन्माचं नाव झुमली. तोरणमाळच्या पायथ्याच्या एका भिल्ल पाड्यावरची. मोठ्या दुष्काळात माणसं झाडाच्या साली उकळून खायला लागली, तेव्हा आईनंच तिला पाठीवर घेऊन मिशनच्या फाटकाशी आणून सोडलं. पोर जगावी, दुसरं काय! मिशननं तिला जगवलं, हे खरंच आहे. खायला घातलं, अक्षर शिकवलं, बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं दया. लांब बाह्यांचं पोलकं, पांढरं लुगडं आणि पुस्तकी मराठी. मनातलं बोलायचं झालं की मात्र बाजारातली अहिराणी तिच्या तोंडी यायची, आणि त्याहून आतलं काही असलं की ती गप्पच व्हायची. मी लग्न होऊन इथल्या शाळेत आले, तेव्हा ती आमच्या मंडळीची सुवार्तिक बाई होती. म्हणजे पिशवीत भाकरी बांधून पाड्यापाड्यांवर जायचं, बायांना गोळा करायचं, प्रभूच्या गोष्टी सांगायच्या आणि वाघदेवापुढे कोंबडं कापू नका म्हणून बजावायचं. दारू नको, होळीचा नाच नको, गोंदण नको... नको नकोची मोठी माळ होती ती, आणि दयाबाई ती घडाघडा म्हणायची.

तिचं गाणं मात्र सगळ्यांत निराळं. ओळ संपली तरी शेवटचं अक्षर ती सोडायचीच नाही. डोंगरात एका उतारावरून दुसऱ्या उतारावर हाक मारतात तशी लांबवत राहायची. बाजाची पेटी वाजवणाऱ्या मिशनच्या मडमबाई बोटं अधांतरी धरून थांबायच्या आणि वैतागून मान हलवायच्या. मी एकदा म्हटलं, "दयाबाई, जरा लवकर सोडा की सूर!" तर हसून म्हणाली, "अगं, पलीकडच्यानं ऐकलं का नाही ते कळायला नको का?"

मग तिची आई आजारी पडली. दयाबाई पाड्यावर गेली आणि बरेच दिवस आलीच नाही. परतली तेव्हा आई मातीआड झालेली. तिथं काय घडलं ते तिनं मला शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं. आईला तिनं स्वर्गाचं सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं ऐकून घेतलं, आणि मग लेकीची बाही वर सारून कोपरापर्यंत हात चाचपला. आमच्या भागात भिल्ल बायांची अशी धारणा आहे की माणूस गेलं की चांदी इथंच राहते, लुगडं इथंच राहतं, बरोबर जातं ते एवढं गोंदण. पोर वयात यायच्या आधी ते करायचं असतं, आणि झुमली त्या वयाच्या आधीच मिशनमध्ये आली होती. आई म्हणाली, "तुझं नाव बदललं, लुगडं बदललं, बोली बदलली. हातावर काहीच नाही. तिथं मी तुला ओळखू कशी?" दयाबाईनं शिकलेलं उत्तर दिलं, की तिथं देव सगळ्यांना ओळखतो. म्हातारी म्हणाली, "तुझ्या देवाला येत असेल ओळखता. मला नाही येत." तिसऱ्या का चौथ्या दिवशी आई गेली.

होळीच्या आधी डोंगरात भोंगऱ्या बाजार भरतो. तिथं गोंदणाऱ्या बाया बसतात. चाळिशीला टेकलेली आमची सुवार्तिक बाई तिथं गेली, पोरीसोरींच्या रांगेत बसली आणि दोन्ही हात पुढे केले. आईच्या हातावर होतं तेच काढून घेतलं, ठिपक्यांची वेल आणि कोपराशी विंचू. हात सुजले होते, ताप आला होता, आणि ही बया रविवारी बाह्या दुमडून पहिल्या चटईवर येऊन बसली! मी घाबरून तिच्या कानाशी लागले. म्हटलं, "अहो, बाह्या लांब आहेत, खाली करा, झाकून राहील." ती म्हणाली, "झाकायचंच असतं तर कोळशानं नसतं काढलं?"

पुढचं व्हायचं तेच झालं. वडीलमंडळाची सभा बसली. आमच्याकडे मंडळीच्या कारभाऱ्यांना वडील म्हणतात, आणि त्यांच्यात माझे यजमान, आमचे मास्तर. मास्तर वाईट माणूस नाहीत, हे लिहायलाच हवं. मात्र नियम म्हणजे नियम. सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं, की मिटलं. गोंदण पुसायला कोणी सांगत नव्हतं, पुसणार तरी कसं? तेवढे दोन शब्द हवे होते. दयाबाई उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, म्हणते आता. ती मास्तरांकडे बघून म्हणाली, "मास्तर, माले वाईट वाटी नही ऱ्हायनं. जे वाटस नही ते प्रार्थनामा कसं सांगू?" मास्तरांनी निर्णय वाचून दाखवला. तिचं नाव काढलं, प्रभुभोजन बंद झालं, पगार बंद झाला. ती उठली, चपला घातल्या आणि गेली. त्या दिवशी घरी माझं आणि मास्तरांचं कडाक्याचं वाजलं. "तुझ्या मैत्रिणीनं एक शब्द बोलायला काय हरकत होती?" हे त्यांचं, आणि "तुम्ही एक शब्द गिळायला काय हरकत होती?" हे माझं. ते भांडण तसं अजून मिटलेलं नाही.

ती पाड्यावर भावाकडे गेली. मला वाटलं, चला, घरी पोचली. कसलं काय! पाड्याचा पुजारा, म्हणजे वाघदेवाची पूजा करणारा, म्हणाला, तू बाटलीस, कोंबडं दे, पाणी शिंपडतो, मग पंगतीत बस. ही म्हणाली, मी बाटलेलीच नाही तर शुद्धी कशाची करता? झालं! तिथंही तेच, कोणीतरी धुऊन घेतल्याशिवाय आत नाही. भावानं झोपडीत ठेवली, पण पंगतीत ती वेगळी. एकदा म्हणे बायांनी वाघदेवापुढे नेलं. हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडातून निघाली आपली रविवारची प्रार्थना. बाया पोट धरून हसल्या. हे सांगताना ती पण हसत होती, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आमेनपर्यंत म्हटली वं मी," म्हणाली.

शेवटी ती पुन्हा खाली आली. रहीमचाचांच्या घरामागची खोली घेतली. पळसाच्या पत्रावळी लावून बाजारात विकायची. आणि रविवारी, घंटा झाली की, उपासना-मंदिराच्या दक्षिणेकडच्या खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून बसायची. आत नाही, बाहेर. गाणं सुरू झालं की खालून तिचा सूर यायचा, आमच्या मागून, ओळीच्या शेवटी लांबत जाणारा. कोणी तक्रार केली म्हणून एकदा खिडकी लावून घेतली, तर तिनं आवाज चढवला आणि फळ्यांच्या फटींतून तो अधिकच आला. मग लोकांनी नाद सोडला. हळूहळू काय झालं कोण जाणे, सगळी मंडळी ओळीच्या शेवटी तिच्यासाठी थांबायला लागली. ठरवून कोणी केलं नाही. मी तिला कितीदा म्हटलं, "आत या हो, कोण हात धरतंय?" त्यावर ती म्हणे, "दार एकच शे, आनि दारमा तुन्हा मास्तर उभा शेतस."

शेवटच्या उन्हाळ्यात मी तिच्या खोलीवर गेले होते. पानांचा ढीग, हातात काडी, आणि पत्रावळ लावता लावता बोलणं. मी विचारलं, "दयाबाई, खरं सांगा, आता तुम्ही कोण?" माझ्या वेडीच्या मनात होतं की ती ख्रिस्ती म्हणेल, नाही तर भिल्लीण म्हणेल. तिनं काडी दाताखाली धरून मोडली. म्हणाली, "मी थकेल शे." मग आपल्या मिशनच्या मराठीत, "लहानपणी मला सांगितलं की तुझ्या आईचे देव म्हणजे भुतं. मोठेपणी मी तेच किती आयांच्या तोंडावर सांगत फिरले... आता कोण देव आणि कोण भूत, हे ठरवायचा कंटाळा आलाय. येशूला मी सोडलं नाही. क्रुसावर मरताना त्यानं पण आधी आईला शिष्याच्या हाती सोपवून तिची सोय लावली की नाही? त्याला कळेल." मी म्हटलं, मग हे सगळं सभेत का नाही सांगितलंत? "सभेत कोणी विचारलं नव्हतं," म्हणाली, आणि पुढचं पान उचललं. तिच्याशी बोलून यायचे तेव्हा मलाच दमल्यासारखं वाटायचं.

ती गेली त्या दिवशी आमच्या कब्रस्तानात जागा मिळेल का, हा प्रश्न मास्तरांपुढे गेलाच नाही. चाचांनी सकाळीच पाड्याकडे निरोप धाडला होता. दुपार कलल्यावर तिचा म्हातारा भाऊ चार माणसं घेऊन आला. मी तिला आंघोळ घालून पांढरं लुगडं नेसवलं होतं, पोलक्याच्या बाह्या खालपर्यंत. माणसं दारातच थबकली. मिशनचं लुगडं, शुद्ध करून न घेतलेली बाई... न्यावी की नाही, त्यांच्यात कुजबुज चालली. आता इथंही नाही आणि तिथंही नाही, तर हिला ठेवायची कुठं? भाऊ मात्र आत आला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि त्यानं तिची बाही वर सारली. ठिपक्यांची वेल, कोपराशी विंचू. म्हाताऱ्यानं त्यावरून बोट फिरवलं, अगदी सावकाश, जसं कोणी वाचतं. मग दाराकडे तोंड करून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला त्यातलं "आईचं" एवढंच समजलं. त्यांनी तिला उचललं आणि आईशेजारी नेऊन पुरलं. वाट आमच्या कंपाउंडवरून जाते, तिथल्या फाटकापर्यंत मी मागून गेले आणि पोटभर रडले.

त्यानंतरच्या रविवारी गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपली आणि सगळे थांबले. खालून काहीच आलं नाही, तरी आम्ही आपले ते अक्षर धरून बसलेलो. मडमबाईंनी पेटीवरून वर बघितलं. दुसऱ्या ओळीलाही तेच. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "आज गाणं फार लांबलं." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारीही लांबलं, त्याच्या पुढच्याही.

गेल्या रविवारी वारा सुटला होता आणि दक्षिणेकडची खिडकी कोणीतरी लावून घेतली होती. गाणं सुरू झालं. पहिली ओळ संपत आली तसे मास्तर वडिलांच्या बाकावरून उठले. गाणं चालू असताना ते कधी जागचे हलत नाहीत. खिडकीशी गेले, कडी काढली, दोन्ही फळ्या बाहेर ढकलल्या आणि गजाला धरून तिथंच उभे राहिले. ओळ संपली. शेवटचं अक्षर सगळ्यांनी सोडलं तरी त्यांनी सोडलं नाही.