साडीचा दुसरा काठ

बातमी आली तेव्हा मी जळगावला घरी मिरच्या निवडत होते. आमचे फोन समोरच्या दुकानात यायचे. दुकानदाराने हाक मारली, आणि पलीकडून माझ्या मैत्रिणीचा, सुमनचा धाकटा भाऊ बोलत होता. पुण्यात ऑफिसला जाताना तिच्या स्कूटरला ट्रकने धडक दिली... संपलं सगळं. याला आता दीड महिना होत आला. माझा राग अजून गेलेला नाही. कुणावर आहे, ते मात्र सांगता येत नाही.

आम्ही दोघी धुळ्याच्या कॉलेजात एकत्र होतो. मग गावात कॉम्प्युटर क्लास निघाला, तिथंही एकत्रच गेलो. खरं सांगायचं तर मी तिथल्या एसीसाठी जायचे. सुमनला मात्र त्या यंत्राचं वेड लागलं. पुढे तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, साफ नाही म्हटलं. आबांचे साड्यांचे यंत्रमाग होते. पोरीने परगावी एकटं राहायचं, तेही असल्या डब्यापुढे बसायला, हे त्यांच्या पचनी पडेना. बरीच रडारड झाल्यावर ते म्हणाले, तुझ्या यंत्राला माझ्या धंद्यातलं एक तरी काम येतं का ते दाखव, मग बघू.

सुमनने ताण्याचं काम निवडलं. मागावर उभे दोरे लावताना कुठल्या रंगाचे किती दोरे सलग घ्यायचे, हे कारागिराला सांगावं लागतं. तिने साडीचा एकेक दोरा म्हणजे एकेक अक्षर धरून लांबलचक ओळ टाइप केली. लालला एक अक्षर, पिवळ्याला दुसरं. प्रोग्रामने लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करत, एकेक अक्षर बघत जायचं. मागच्यासारखंच आलं तर मोजणी वाढवायची; वेगळं आलं की आधीच्या रंगाचा आकडा छापायचा आणि नव्याची मोजणी सुरू करायची.

आबा क्लासमध्ये आले, चपला बाहेर काढून. प्रिंटरमधून करकरत कागद निघाला. त्यांनी तो बोट ठेवून खालपर्यंत वाचला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे. पन दुसरा काठ कोठे शे?"

खरंच, बाकी सगळं बरोबर, पण साडी एकाच काठाची निघाली होती. मी सुमनला खुणावलं, कागद संपला म्हण, काहीतरी म्हण. बाई कसली ऐकते! तिने आबांना शेजारी बसवून समजावलं, की रंग बदलला तरच हा आकडा सांगतो. शेवटच्या काठानंतर रंग बदलत नाही, दोरेच संपतात. मोजलेलं त्याच्या हातातच राहिलं आणि मी ते मागितलं नाही, चूक माझी. मग लूप संपतो त्याच्या खाली तिने एक ओळ घातली: हातात उरलंय तेही छाप. दुसरा काठ आला.

आबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "चूक दपाडी नही तू," ते म्हणाले. "जाय पुण्याले." पोरीने चूक लपवली नाही, एवढं त्यांना पुरलं.

तिच्या पुण्याच्या खोलीवर मी राहून आले आहे. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी करून घालायची, मैत्रिणींना बोलावून गोंधळ घालायची. स्कूटरवर मागे बसवून गावभर फिरवायची, आणि मी ओरडले की जास्तच जोरात चालवायची.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले. बातमी आल्यापासून आबांनी माग बंद ठेवले होते. कारागीर रोज येऊन अंगणात नुसते बसून राहायचे. आबा मागाजवळच्या खोलीत खाटेवर बसले होते. चहा झाला. मी निघायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, मी तिले जाऊ दिनं, ते बरं करं ना?"

इतके दिवस ते हे एकटेच घेऊन बसले होते. मी परत खाली बसले. तिची खोली, मैत्रिणी, ती स्कूटरसुद्धा, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तठे ती सुखी व्हती, आबा. बरं करं तुम्ही."

"व्हती ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी हो म्हटलं. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि मुलाला हाक मारून माग चालू करायला सांगितलं. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळे माग सुरू झाले होते.