दुसऱ्या दाराची यानं

अंतराळात उद्या मराठी माणूस राहायला गेला आणि त्याच्या यानात चपला काढायला जागा निघाली, तर ती माझ्या साडूंमुळे असेल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गेली चाळीस वर्षं हा गृहस्थ नेमानं अंतराळयानं काढतो आहे. आधी मुलांच्या मासिकांची मुखपृष्ठं काढली, मग विज्ञानकथांची चित्रं, आणि निवृत्तीनंतर तर परदेशातले कॉम्प्युटर गेम बनवणारे लोक त्यांच्याकडून यानं काढून घ्यायला लागले. यानं मंगळाच्या पार पलीकडे जातात. साडूंना मात्र जालन्याच्या पुढं जायचं म्हटलं की आदल्या दिवशीच पोटात कळ येते.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते आणि मी तिथंच प्लॅनिंगला. बाकीचे चित्रकार यान काढतात ते दिसायला. आमचे साडू काढतात ते दुरुस्तीला. नटापर्यंत पाना पोचतो का, हे बघितल्याशिवाय त्यांची पेन्सिल पुढं सरकत नाही. झाडू कुठं ठेवायचा, ओले टॉवेल कुठं वाळायचे, सगळं आधी ठरणार आणि मग यानाला आकार येणार. एकदा आम्ही सहकुटुंब सिनेमाला गेलो होतो. पडद्यावर अख्खं काचेचं यान अवतरलं, थिएटर चिडीचूप, आणि आमचे साडू खणखणीत आवाजात म्हणाले, "एवढी काच पुसणार कोण?" मी खुर्चीत खाली सरकलो. पुढच्या रांगेतल्या बाई मात्र मागं वळून म्हणाल्या, "खरंय हो काका!"

पहिल्या परदेशी गिऱ्हाइकानं एक चित्र मागितलं होतं. साडूंनी समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन ड्रॉइंगं पाठवली, मापांसकट. खाली कोपऱ्यात कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे चौकट: काढणार, तपासणार. 'तपासणार'च्या पुढं ताईंची, म्हणजे माझ्या मेव्हणीची सही! ताई स्वयंपाकघर सापडल्याशिवाय सही करत नाहीत. दोन सूर्यांच्या मधून जाणारं एक जंगी यान त्यांनी "फोडणीचा ठसका जाणार कुठून?" एवढ्या एका प्रश्नावर परत पाठवलं होतं. साडू चार दिवस तोंड पाडून बसले आणि पाचव्या दिवशी त्यांनी यानाला धुराडं बसवलं. तिकडच्या लोकांना ते धुराडंच सगळ्यात जास्त आवडलं, आता बोला!

भाचीला सोडायला आम्ही विमानतळावर गेलो, तेव्हा तर शोभाच झाली. भाची आत गेली, आणि आमचे साडू कुंपणाशी बसून विमानाची चाकं वहीत उतरवायला लागले. बंदूकवाला शिपाई धावत आला. "चाचा, इधर क्या बना रहे?" साडूंनी शांतपणे वही पुढं केली. शिपायानं पानं उलटली आणि हळूच विचारलं, "ये उडेगा?" साडू म्हणाले, "उडनेका क्या है, वो तो उडेगाच. खोलके रिपेर करने आना चाहिए." शिपाई आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आला.

पण या सगळ्यांत एक खोड अशी, की तिच्यावर कुणी हसत नाही. साडूंच्या प्रत्येक यानाला माणसं बाहेर पडायला दोन दारं असतात. यान रिक्षाएवढं असो की शहराएवढं, मागच्या बाजूला दुसरं दार असणारच. कारण मला ठाऊक आहे. कारखान्यात रंगकामाची नवी खोली बांधायची होती, साडूंनी दोन दारं काढली होती. साहेब म्हणाले, एक पुरे. तो निरोप घेऊन ड्रॉइंग परत नेणारा माणूस मी. "साडूभाऊ, खोडा एक दार आणि मोकळे व्हा," असं मी म्हणालो होतो. त्यांनी खोडलं. वर्षभरात त्या खोलीत आग लागली आणि साडूंच्याच गावचा, पिशोरचा एक पेंटर आत अडकला. त्याला कामाला साडूंनीच लावलं होतं. जीव वाचला, पण हात असे भाजले की त्याला पुन्हा स्वतःच्या हातानं नीट जेवता आलं नाही. साडू अजून दर महिन्याला पिशोरला जातात. मला त्यांनी यावरून आजवर एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही. भित्रा आहे मी.

मागच्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीचं काम आलं. अंतराळावरची मोठी मालिका, सगळी यानं साडूंची, आणि पडद्यावर नाव! बहात्तराव्या वर्षी! ताईंनी पेढे वाटले. व्हिडिओ कॉलवरची दिग्दर्शक पोरगी फार गोड बोलत होती. "सर, सगळं अप्रतिम आहे. फक्त ते मागचं दार काढून टाका ना. शेवटच्या भागात सगळे आत अडकतात. दार असलं तर ते बाहेरच पडतील."

"मग पडू द्या की," साडू म्हणाले.

पोरगी हसली, पण साडू हसले नाहीत. दार खोडलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. कळवायला दोन दिवस होते. ताईंनी मला बोलावून घेतलं, कारण साडूंची इंग्रजी पत्रं मीच लिहितो. आयुष्यभर वाट बघितलेलं नाव हातचं जाताना मला बघवेना. मी म्हणालो, "साडूभाऊ, कागदावरचं तर दार आहे. खोडा आणि मोकळे व्हा."

बोललो, आणि जीभ चावली.

साडूंनी पेन्सिल खाली ठेवली. "एकदा खोडलं होतं की, साडूभाऊ." आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. मग माझ्याकडे लॅपटॉप सरकवत म्हणाले, "लिहा, जमणार नाही म्हणून. पण रागावल्यासारखं नका लिहू. पोरगी लई चांगली आहे."

ताईंनी दुसऱ्या दारासकट त्या ड्रॉइंगवर सही केली. मी लिहिलं, की या यानाचं दुसरं दार काढून टाकता येणार नाही, आपण दुसरा चित्रकार बघावा. साडूंनी दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली. मी खाली त्यांचं नाव टाकलं. मग, त्यांना न विचारता, त्याच्या शेजारी माझंही टाकलं आणि पत्र पाठवून दिलं.