डब्याबरोबर आलेले निरोप

दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं असलं की शेजारणी मला विचारतात, काय न्यावं? मी सांगते, मोसंबी न्या, धुतलेली चादर न्या, पण खोटं बोलणं घरीच ठेवून जा. त्या हसतात. म्हातारी तिरसट आहे, असं म्हणत असतील. म्हणोत बापड्या.

तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू व्हायचं होतं. माझं सासर निफाडचं, पण पोटाचं दुखणं निघालं ते माहेरी नाशिकला आल्यावर. इस्पितळात ऑपरेशन झालं. आई रोज पंचवटीतून नदी ओलांडून चालत यायची, मऊ भात आणि मेतकूट घेऊन. वडील मी लहान असतानाच गेलेले. दादाला आणि मला तीच काय ती. एके दिवशी तिच्याऐवजी शेजारच्या काकू आल्या. डब्यात पिठलं-भात.

"आईला जरा कणकण आहे गं," काकू म्हणाल्या.

पुढेही काकूच येत राहिल्या, आणि डब्यात पुन्हा पिठलं-भातच. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात पोचवतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मी चिडले ती आईवर.

"तिला म्हणावं, पिठलं पुरे, मेतकूट पाठव."

दुसऱ्या दिवशी काकू उत्तर घेऊन आल्या. "आई म्हणते, लवकर बरी हो, तुझ्या हातची कढी खायचीय मला."

मी हरखले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ते कौतुकाने सांगितलं. ती "हो का" म्हणाली आणि कुशीवर वळली.

मग एकदा दादा आला. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. दाढ दुखतेय म्हणाला. बघू तरी, म्हणत मी उपरणं ओढलं. त्याच्या मिशा नव्हत्या. आमच्यात आईबापांपैकी कुणी गेल्याशिवाय पुरुष मिशी उतरवत नाही, आणि वडील तर कधीच गेले होते. मला काही विचारावं लागलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, तुला धक्का बसेल, टाके उसवतील," दादा रडत म्हणाला.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे पुसत होती. सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, एक आईची लेक सोडून. टाके जपले त्यांनी माझे, पण मला फसवलं, हे मी आजही म्हणते. माझ्या आईसाठी सगळ्यांनी रडून घेतलं आणि मला मात्र तिच्यावर रुसायला ठेवलं.

कढीचं कसं सुचलं, हे काकूंना मी कधी विचारलं नाही. पण तेच वाक्य मला अजून आईच्या आवाजात ऐकू येतं. त्या शेवटच्या दिवशी डबा आवरून निघताना ती स्वतः काय म्हणाली होती, ते काही केल्या आठवत नाही. उद्या येणारच होती, म्हणून मी नीट ऐकलंच नव्हतं.