विमा कंपनीचे कंदी पेढे

बसा निवांत. चहा उकळतोय, तोवर स्वतःच्या फजितीचा एक किस्सा सांगते. आता सगळं निस्तरलंय म्हणून सांगायचं धाडस होतंय. त्या आठवड्यात विचारलं असतंत तर मी तोंड लपवून थेट दिल्लीची गाडी पकडली असती.

दिल्ली मधेच कुठून आली म्हणाल, तर माझं सगळं शिक्षण तिकडेच झालं. बाबांची नोकरी तिथली. शाळा तिथे, वकिलीची पदवी तिथे. पण डोक्यात एकच खूळ होतं : कायदा शहरातल्या बड्या लोकांसाठी नाही, तो गावातल्या माणसाच्या दारापर्यंत गेला पाहिजे. म्हणून पदवी घेतली आणि तासगावजवळ आमच्या गावी काकांकडे येऊन राहिले. रोज सांगलीला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकायला जायचे. कायदा दारापर्यंत नेणार होते ना? तर पहिलं दार काकांचंच मिळालं.

झालं असं की, काका सांगलीच्या रस्त्यावर स्कूटर कडेला लावून उभे होते. सिमेंटचा एक ट्रक ढाब्यावरून मागे येत होता. मागे कोण आहे हे ड्रायव्हरने बघितलंच नाही. स्कूटरचा पापड झाला आणि काकांची नडगी मोडली. ऑपरेशन करून आत रॉड घातला.

काका म्हणजे लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले तर म्हणाले, "पायाचं काय न्हाई हो. स्कूटरचं लय वाईट वाटतंय."

आता अशा अशिलाला नुकसानभरपाई कशी मिळवून द्यायची, तुम्हीच सांगा.

आम्ही सांगलीत दावा दाखल केला. माझे वरिष्ठ वकील म्हणाले, "विमा कंपनीचा माणूस कधीतरी घरी येईल. साधा दिसेल, गप्पा मारेल, आणि बोलता बोलता सगळं काढून घेईल. सांभाळून."

मी ते फारच मनावर घेतलं. घरी येऊन काकांना समोर बसवलं.

"काका, कुणीही अनोळखी आलं आणि तब्येत विचारली, तर 'एकदम फिट' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"दुखतंय म्हणायचं. आणि बाकीचं मला बोलू द्यायचं."

"खोटं बोलायचं?"

"छे, एक अक्षरही खोटं नाही. दुखतंय ना?"

"दुखतंय तर काय. पर ते पावण्याला कशाला सांगायचं?"

"काका, ही ऑर्डर समजा."

काका ताठ बसले. "ऑर्डर असंल तर प्रश्नच न्हाई."

तीनचार दिवसांनी दुपारी दारात एक पांढरी गाडी थांबली. दोघे उतरले. एक टोपी घातलेले, पोक्त. दुसरे जरा तरुण, खिशाला दोन पेनं. काकी आणि माझा चुलतभाऊ विक्रमदादा तासगावला बाजारात गेले होते. घरात मी आणि काका.

"राम राम. पलूसला कामानं आलो हुतो," टोपीवाले म्हणाले. "म्हटलं, या भागातल्या बागा बघाव्या जाता जाता."

जाता जाता! मनात म्हटलं, आले. वरिष्ठांनी सांगितलं होतं अगदी तसेच. दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि काकांना डोळ्याने खूण केली.

"बाग किती हाय तुमची?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"दोन एकर," मी म्हणाले. "पण आता बघणार कोण? काका होते तोवर सगळं ठीक होतं."

काका समोरच बसले होते, तरी मी 'होते' म्हणाले. काकांनी एकदा स्वतःकडे पाहून घेतलं.

"पाण्याचं कसं?"

"बोअर आहे. पण तिथपर्यंत चालत जावं लागतं. आणि चालणं म्हणजे..." इथे मी वाक्य सोडून दिलं आणि काकांच्या पायाकडे बघत राहिले. दिल्लीत शाळेत असताना मी नाटकात काम केलं होतं, ते असं उपयोगी पडलं.

पेनवाले काकांकडे वळले. "सुभेदारसाहेब, आता बरं वाटतंय का?"

काकांनी परेडच्या आवाजात सांगितलं, "दुखतंय."

"कुठं दुखतंय?"

हा प्रश्न आम्ही तालमीत घेतलाच नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जरासा पसरून दाखवला. म्हणायचं होतं की, सविस्तर सांगा.

"सगळीकडं," काका म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, पडले गार.

"आणि चिरंजीव? ते काय करत्यात?"

म्हणजे काकांवर अवलंबून कोण कोण आहे, ते काढायला बघताय तर. मी खुर्ची पुढे ओढली. "दादाचं विचारूच नका. वडिलांच्या अपघातापासून रात्री दचकून उठतो."

आता यात काय खोटं होतं? रात्री वीज आली की बोअरच्या मोटारीच्या स्टार्टरवरून मोबाईलवर फोन येतो. तो वाजला की दादा दचकूनच उठतो.

"अन्नावरची वासना गेलीय," मी पुढे म्हणाले. हेही खरं. लग्नाआधी पोट कमी करायचं म्हणून त्याने रात्रीची भाकरी सोडली होती.

"स्वभावानं कसे हायेत? तापट वगैरे?"

इथे तरी मला शंका यायला हवी होती की नाही? ट्रकच्या धडकेशी मुलाच्या स्वभावाचा काय संबंध? पण मी वकील. मला संबंध सापडला. अपघातात आमच्याच घरच्यांची चूक होती, असं यांना दाखवायचं असणार.

"आधी नव्हता," मी म्हणाले. "आता कुणाचं काय सांगावं."

"काही व्यसन?"

"व्यसनाचं आम्हाला काय विचारता? ट्रकवाल्याला विचारा."

पेनवाल्यांना ठसका लागला. टोपीवाल्यांनी हळूच विचारलं, "लगीन-बिगीन झालंय का त्यांचं?"

आणि मी, कायदा दारापर्यंत नेणारी मी, सुस्कारा सोडून म्हणाले, "या घरात आता मुलगी कोण देणार?"

चहा अर्धा ठेवून पाहुणे उठले. जाताना पेनवाल्यांनी पिशवीतून एक खोका काढून टेबलावर ठेवला. आत साताऱ्याचे कंदी पेढे. मी खोक्याला हातसुद्धा लावला नाही. गाडी गेल्यावर चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले. साक्षीदाराला लाच देण्याचा प्रयत्न. पुरावा हवाच ना?

"काका, जिंकलो आपण," मी म्हणाले.

काका पेढ्यांकडे बघत म्हणाले, "एक खाऊ का?"

"पुरावा आहे तो."

तासाभराने काकी आणि दादा परतले. दादाच्या हातात कपबश्यांचा नवा सेट. पाहुणे कधी येतील सांगता येत नाही, म्हणून काकींनी मुद्दाम घेतला होता. मी दोघांना दारातच गाठून सगळं इत्थंभूत सांगितलं, अगदी आवाज काढून.

काकींचं लक्ष टेबलावर गेलं. "विमावाले पेढं घिऊन कवापास्नं याया लागले?"

"लाच आहे ती."

काकींनी खोका उचलून उलटा केला. दुकानाचा पत्ता वाईचा होता. काकींनी तो दोनदा वाचला.

"टोपी हुती का एकाला?"

"होती."

"दुसऱ्याच्या खिशाला दोन पेनं?"

"काकी, तुम्हाला कसं माहीत?"

"आगं, प्राजक्ताचं वडील आन् मामा त्ये. फोटुत बघितल्यात मी."

प्राजक्ता म्हणजे वाईची मुलगी, जनावरांची डॉक्टर. दादासाठी तिचं स्थळ आलं होतं, एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की, आमच्या भागात रीतसर बघायला येण्याआधी मुलीकडची दोनचार वडीलधारी माणसं न सांगता घर बघून जातात. कशाला आलो ते तोंडाने म्हणायचं नाही. बाग बघायला आलो म्हणायचं. मग जमीन, पाणी, घरच्यांच्या तब्येती, मुलाचा स्वभाव, सगळं गप्पांत काढून घ्यायचं. विमा कंपनीचा माणूस विचारेल अगदी तेच, त्याच क्रमाने.

"काका, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"आलं की ध्यानात. विक्रमचं लगीन झालंय का इचारलं तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

"ऑर्डर हुती."

दादा कपबश्यांचा खोका मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. तो तेहतिशीचा. कष्टाळू, सरळ, पण शेतकरी. मुलींच्या बापांना नोकरीवाला हवा. कितीतरी ठिकाणांहून नकार आला होता. ही पहिली मुलगी, जिने स्वतःहून कळवलं होतं की शेती करणारा चालेल. एकदा फोनवर दोघं बोललेही होते. त्या दिवशी दादा बागेत शीळ घालत फिरला होता.

"दादा, मी निस्तरते," मी म्हणाले.

तो शांतपणे म्हणाला, "आगं, तू फकस्त निस्तरू नकोस."

पण गप्प बसेन ती मी कसली? सकाळी पहिल्या एसटीने निघाले. दुपारी वाईला पोचले आणि घाटाजवळचं त्यांचं घर शोधून काढलं. टोपीवाल्यांनी, म्हणजे मुलीच्या आप्पांनी, दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले.

मी सोफ्यावर बसायच्या आधीच सुरुवात केली. "आप्पा, काका एकदम ठणठणीत आहेत. पायाचं तर काहीच नाही. पुढच्या महिन्यात बागेत पळतील. दादाला खडखडीत भूक लागते, झोप गाढ लागते, आणि त्याला राग म्हणजे काय तेच ठाऊक नाही."

आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हंजे सुभेदारांना काय झालेलंच न्हाई?"

"काहीच नाही."

"मग गावात कळलं त्यो भरपाईचा दावा कशाचा लावलाय? खोटा हाय व्हय?"

आता काय म्हणाल? काका धडधाकट म्हणावं तर आम्ही खोटारडे, आणि अंथरुणाला खिळलेले म्हणावं तर लग्न मोडलं. एवढी पुस्तकं वाचली, पण या प्रश्नाचं उत्तर एकातही नव्हतं.

आतून प्राजक्ता आली. हातात पाण्याचा तांब्या. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आधी पाणी प्या. मग जेवढं आहे तेवढंच सांगा."

मी पाणी प्यायले आणि जेवढं होतं तेवढंच सांगितलं. काकांच्या नडगीत रॉड आहे. काठी घेऊन फाटकापर्यंत चालतात. थोडं लंगडणं राहणार, डॉक्टरांनीच लिहून दिलंय. मांडी घालून बसणं, बागेत वाकून काम करणं आता जमणार नाही. त्यासाठी मजूर लावावा लागतो, आणि तोच खर्च दाव्यात मागितलाय. ऑर्डर मात्र ते खुर्चीवर बसून पूर्वीसारख्याच सोडतात. दादाचा मोटारीचा फोन सांगितला, सोडलेली भाकरी सांगितली. ती का सोडली हेही सांगितलं.

प्राजक्ता खाली बघून हसली. मग विचारलं, "नडगीतला रॉड ना? मग चालतील की. आमच्या दवाखान्यात बैलसुद्धा उभे राहतात."

"पोरी, जपून बोल," आप्पा म्हणाले. "सुभेदार हायेत ते."

"एक विचारते," ती माझ्याकडे वळली. "घरात सून येणार, म्हणजे मजुरी वाचणार, असं काही दाव्यात धरलंय का?"

"अजिबात नाही."

"धरूही नका. मी सकाळी दवाखान्यात जाणार."

आप्पा कपाळ चोळत हसायला लागले. "आवं, पोरगी मिळावी म्हणून लोक दुसऱ्याचा ट्रॅक्टर दारात आणून लावत्यात. आन् तुमच्या घरी जे हाय त्येबी न्हाई म्हणून सांगत्यात. मी रातभर इचार केला. म्हटलं, एक तर ही माणसं येडी हायेत, न्हाईतर लय सरळ."

"मग काय ठरवलंत?"

"पोरगी म्हणती, थोडं थोडं दोन्ही असंल. ऐतवारी येतो. ह्या येळंला सांगून येतो."

परतीच्या एसटीत मला खिडकीशी जागा मिळाली. कराडपर्यंत मी गाढ झोपले. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला किती झोप येते, ते त्या दिवशी कळलं.

घरी पोचले तेव्हा अंधार पडायला आला होता. दादाला आधीच फोन केला होता, त्यामुळे बागेच्या बाजूने शीळ ऐकू येत होती. काका अंगणात खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून. शेजारी नव्या सेटमधला रिकामा कप.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"विमा कंपनीचा मानूस."

मी खांद्यावरची पिशवी खाली टाकली. "आणि मी नव्हते? काय सांगितलंत त्याला?"

"ऑर्डर न्हवती, म्हणून खरं ते सांगितलं. कुठं दुखतंय, कुठं न्हाई. पाय दावला, फाटकापातूर चालून दावलं, स्कूटर दावली. स्कूटर बघून त्यालाबी वाईट वाटलं. गुणाचं पोरगं हाय. म्हणला, कागद सरळ हायेत, लोकअदालतीत तडजोड करू."

पुढे खरंच तसं झालं. आमच्या वरिष्ठांनी मागितलेल्या रकमेत फारशी काटछाट न होता दावा मिटला. त्या आधी दादाचा साखरपुडाही झाला. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी काकांच्या समोर बसले आणि विचारलं, "एवढ्या सहज कसा तयार झाला तो?"

"तसा सहज न्हाई. जाता जाता एक विचारलं त्यानं."

"काय?"

"घरात कोन वकील हाय का. म्हणला, घरात वकील असला की परकरण लय लांबतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

काकांनी रिकामा कप माझ्या हातात दिला.

"न्हाई म्हटलं."

मी कप घेतला आणि विसळायला आत गेले. त्यावर एक शब्दही बोलले नाही. अशिलाच्या भल्यासाठी मी केलेलं ते पहिलं काम.