लॉफ्टमधली पाचवी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकीचं एक जुनं गोदाम होतं. लहानपणी आम्ही तिथं पाऊल ठेवत नव्हतो, कारण आतले उंदीर मांजराला भीत नसत. आता त्या गोदामाचा फ्लॅट झालाय आणि जाहिरातीत छापलंय, 'बीडच्या ऐतिहासिक वस्तीत, वेशीच्या आत, आलिशान लॉफ्ट'. जुन्या सागवानी तुळया घासूनपुसून तशाच ठेवल्यात, खाली तोंड दिसेल अशी फरशी, आणि मध्येच एक माळा काढून त्यावर झोपायची सोय. आमच्याकडे माळ्यावर फुटके डबे टाकतात. असो, ज्याला घ्यायचाय त्यानं घ्यावा, माझं काय जातंय?

मला सांगायचंय ते छबुबाईबद्दल. त्या लॉफ्टची चावी तिच्या कमरेला असायची. माझं शिलाई मशीन बरोबर लॉफ्टला चढणाऱ्या जिन्यासमोरच्या खिडकीत, त्यामुळं तिचं जाणं-येणं मला बघावंच लागायचं. आणि बाई सारखी जात-येत असायची! झाडून झालं की पुसायचं, पुसून झालं की पुन्हा झाडायचं, मग खिडक्या उघडायच्या, मग धूळ येते म्हणून लावायच्या. जरा टेक म्हटलं तर म्हणायची, "टेकून काय करू ताई, बसलं की जीव घाबरा व्हतो."

ती पाटोद्याच्या पलीकडची. जन्म सगळा ऊसतोडीत गेला. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचं, कारखाना म्हणेल त्या शिवारात पाचटाची कोपी, म्हणजे खोपट, घालायची, तिथला ऊस संपला की कोपी मोडून पुढं. नवरा गेला, गुडघे गेले, तेव्हा कुणीतरी तिला या कामाला लावलं. फ्लॅटची मालकीण मंजुषा पुण्यात राहते. तिचं म्हणणं, विकाऊ घर कुलपात पडून राहिलं की भकास दिसतं. रोज झाडलोट व्हावी, संध्याकाळी दिवा लागावा, कुणी बघायला आलं तर दाखवावं. राहायला छबुबाईला जिन्याखालची खोली दिली होती.

गेल्या दसऱ्याला तिचा मुलगा भारत टोळीबरोबर निघाला तेव्हा सून स्वप्नालीला दिवस गेलेले होते. छबुबाईनं तिला जाऊ दिलं नाही. भांडण झालं, चांगलं रस्त्यावर झालं, मी खिडकीतून ऐकलं. शेवटी भारत चुलतभावाला जोडीला घेऊन गेला आणि स्वप्नाली जिन्याखालच्या खोलीत राहिली. मला वाटलं, बाळंतपण उसाच्या फडात नको, दवाखाना जवळ असावा, एवढंच म्हातारीच्या मनात असेल. तसं मी तिला म्हटलंही.

"दवाखान्याचं सोडा," ती म्हणाली. "पाचवी कुटं करायची, ते बगा. भारतची पाचवी म्या कोपीत केली. पाटा न्हवता, दगडाला हळदीकुकू लावलं. सटवाई आली आसंल रातच्याला, इकडं बगितलं ऊस, तिकडं बगितलं ऊस. काय लिवील मंग ती लेकराच्या कपाळावर? त्याच्या बापाचीबी फडातच झालती. ह्या येनाऱ्या लेकराची म्या त्या फरशीवर करनार. वर, मोठ्या खोलीत. तिला दिसू तर दे, घर कसं आसतंय ते."

मला हसू आलं आणि मी हसले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं सुईत दोरा ओवायला लागले.

पण त्यामुळं एक झालं. जिचं काम घर दाखवायचं, तिलाच ते विकलं जायला नको होतं. गिऱ्हाईक आलं की छबुबाई त्याच्या मागं मागं फिरायची. खोटं ती बोलत नव्हती, फक्त कुणी विचारलं नसेल तेही सांगायची. "उनाळ्यात वर लई तापतं बरं का." "नळाला पानी कवा येईल, नेम न्हाई." "वरती पोरगं झोपलं आन् कुशीवर वळलं तर खाली पडतंय." लातूरहून आलेला एक डॉक्टर तर माळ्याचा जिनासुद्धा चढला नाही. मंजुषाचे फोनवर फोन, कुणालाच कसा पसंत पडत नाही म्हणून. छबुबाई म्हणायची, "लोकांला दिष्टीच न्हाई मॅडम."

मग विजयसिंहराव आले. दिंद्रुडकडचं मोठं घराणं. शेती, राजकारण आणि उसाच्या टोळ्या, सगळं हाताशी. बरोबर बायको, सत्यभामाबाई. छबुबाईनं उन्हाळ्याचं सांगितलं. "उनाळ्यात आमी हितं कशाला मरतो?" ते म्हणाले. पाण्याचं सांगितलं. "टँकर घरचाच हाय." पोरगं पडायचं सांगितलं. "पोरं अमेरिकेत हायत." मग त्यांनी तिलाच विचारलं, कुठली, कोण. भारत त्यांच्याच एका टोळीतला निघाला. "मंग तर तू घरचीच की!" असं म्हणून ते खूश होऊन गेले. व्यवहार ठरला. मंजुषानं फोनवर छबुबाईला सांगितलं, अमावस्या झाली की त्यांची वास्तुशांत, त्याच्या आत खोली मोकळी कर.

त्यानंतर छबुबाईचं जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. पायाला भिंगरी तर आधीपासूनच होती, आता डोळ्याला डोळाही लागेना. स्वप्नालीला ती त्या माळ्याच्या जिन्यावर चढ-उतर करायला लावायची, लवकर सुटका व्हावी म्हणून. पोरगी रडकुंडीला यायची. छबुबाई नारायणगडाला नवस बोलून आली. रस्त्यात गाडी वाजली की हातातलं टाकून धावायची. मला तिचा राग यायचा, खरंच यायचा. एका भाबड्या समजुतीपायी त्या अवघडलेल्या पोरीचे हाल कशाला? मी तोंडावर बोलले. तर म्हणाली, "तुमचं बरोबर हाय ताई." आणि पुन्हा वर गेली.

अमावस्येच्या आधी स्वप्नाली सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी लेकरू घेऊन परत आल्या आणि पाचव्या दिवशी छबुबाई माझ्याकडं पाटा मागायला आली. तो पाटा मीच तिच्याबरोबर वर नेला, कसा नेला ते माझ्या कमरेला ठाऊक. त्या चकचकीत फरशीवर आम्ही पाटा-वरवंटा मांडला, हळदीकुंकू वाहिलं, समोर दिवा लावला, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि माझ्याकडचं पेन ठेवलं. मोठ्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. खरं सांगते, घर त्या दिवशी पहिल्यांदा मला आवडलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विजयसिंहराव आणि सत्यभामाबाई, पडद्यांची मापं घ्यायला. दिवाणखान्याच्या मधोमध पाटा, भिंतीशी बाळंतीण. माझं धाबं दणाणलं. सत्यभामाबाईंनी मात्र दारातच चपला काढल्या, पाट्यासमोर वाकून नमस्कार केला, लेकराच्या मुठीत नोट ठेवली. विजयसिंहरावही चिडले नाहीत. बूट घालूनच पुढं आले, लेकराकडं वाकून बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"भारतची पोरगी का? वा! म्हंजी आमच्या टोळीत अर्धा कोयता वाढला म्हना!"

टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. माणूस चेष्टेनं बोलला, कौतुकानंच बोलला. मापं घ्यायची पुन्हा कधीतरी, असं म्हणून दोघं उतरूनही गेले.

छबुबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी काही म्हणायच्या आत ती त्या मोडक्या गुडघ्यांनी जिना उतरत होती. मी मागं धावले. गाडी सुरू झाली होती. ती सरळ पुढं जाऊन बॉनेटवर हात टेकून उभी राहिली.

"सायेब, त्यो शब्द माघारी घ्या."

विजयसिंहरावांनी काच खाली केली. "कोनचा शब्द, मावशे?"

"अर्धा कोयता म्हनलात त्यो."

"अगं, गंमत केली!"

"आज पाचवी हाय. सटवाई आजून यायचीय. तुमी तितं बोलून आलाव."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ती हलली नाही. पानटपरीवरची माणसं जमली. माझा जीव टांगणीला लागला, कारण या माणसानं एक फोन केला असता तर लेक टोळीबाहेर आणि सासू, सून, लेकरू रस्त्यावर. विजयसिंहरावांच्या कपाळावर आठी आली होती. मागच्या सीटवरून सत्यभामाबाई म्हणाल्या, "घ्या की हो माघारी."

"बरं बाई, घेतला," ते म्हणाले.

"हितं न्हाई. जितं बोल्लाव, तितं चला."

आता संपलं, असं मला वाटलं. पण सत्यभामाबाई उतरून जिन्याकडं चालायलाही लागल्या होत्या, आणि गल्ली बघत होती. विजयसिंहराव उतरले. वर आल्यावर या खेपेला त्यांनी बूट काढले. पाट्यासमोर उभे राहिले. एवढा भाषणं ठोकणारा माणूस, पण दिव्यासमोर हात जोडले.

"ही पोरगी आमच्या टोळीत येनार न्हाई," ते म्हणाले.

"कोन्याच टोळीत," छबुबाई म्हणाली.

लेकरू झोपेत चुळबुळलं. स्वप्नालीनं त्याला पदराखाली घेतलं.

"कोन्याच टोळीत न्हाई," विजयसिंहराव म्हणाले.