हुंगलेली कळी

मालिनीबाईंचा डावा कान एका मोगऱ्याच्या कळीपायी गेला. ऐकून हसू येईल, पण हसू नका. लग्नाचा तिसरा दिवस, पंचवटीतलं सासर, हातात पूजेच्या फुलांची परडी. कोवळी पोर, सहज कळी नाकाशी नेली. मागून नवऱ्यानं, यज्ञेश्वरांनी, अशी सणसणीत लगावली की परडी एकीकडे आणि पोरगी एकीकडे. "वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, एवढंही आईनं शिकवलं नाही?" कानातून रक्त आलं, पुढे पू झाला, आणि त्या कानानं ऐकू येणं कायमचं बंद झालं.

त्यानंतर छत्तीस वर्षं बाईंनी श्वास रोखून फुलं तोडली. एकदा जास्वंदीवर नुसत्या वाकल्या होत्या. आता जास्वंदीला मेलीला वास तरी असतो का? तरी ताम्हन भिरभिरत आलं आणि भुवईवर तीन टाके पडले. मुलगा मयुरेश, तेव्हा छोटा, दारात उभा राहून बघत होता. यजमान मंडळी वाकून वाकून 'गुरुजी, गुरुजी' करायची. नातलग म्हणायचे, माणूस देवाचा हो, फक्त राग आवरत नाही. बाईंनीही तेच मनाशी धरलं होतं. आवरतच नाही, तर ते तरी काय करणार!

यंदा जूनमध्ये मयुरेशनं दोघांना इंग्लंडला आपल्या घरी नेलं. वडील सकाळी जपाला बसले की तो आईला जवळच्या बागेत न्यायचा. पहिल्याच दिवशी गुलाबांच्या ताटव्यापाशी बाई थबकल्या.

"वास घेतला तर कोणी ओरडेल का रे?"

"घे गं आई," एवढंच तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

बाईंनी गुलाबात नाक खुपसलं ते खुपसलंच. आधी पिवळा, मग गुलाबी, मग कुंपणापलीकडची चिमुकली पांढरी रानफुलं, तीही गुडघे टेकून. पंचावन्नाव्या वर्षी बाई नाकाला पराग लावून हिंडत होत्या, आणि इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

सहाव्या दिवशी यज्ञेश्वर बरोबर आले. बाईंचं तोंड गुलाबात दिसलं मात्र, त्यांनी अंबाडा धरून हिसडा दिला आणि थोबाडीत मारली. ओठ फुटला. मयुरेशनं त्यांचं मनगट पकडलं.

"बाबा, इथे बायकोवर हात उचलला तर पोलीस नेतात. मीच बोलावीन."

झालं! पुढचे तीन आठवडे गुरुजींची गोगलगाय. बाई रोज त्यांच्या डोळ्यांदेखत फुलं हुंगायच्या आणि ते हात पाठीमागे बांधून चालायचे. बाईंना आधी नवल वाटलं. मग अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हात आवरता येत होता तर! छत्तीस वर्षं येत होता!

नाशिकला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी बाईंनी अंगणातला मोगरा तोडला, एकेक कळी हुंगून परडीत टाकली आणि देवघरात येऊन बसल्या. यज्ञेश्वरांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. सोवळं नेसून ते आत आले.

"माजलीस! आता इथे कोण पोलीस येतो तेच बघतो," म्हणत त्यांनी हात उगारला.

तो खाली यायच्या आत बाईंनी ताम्हन उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांच्या डाव्या कानावर हाणलं. पुन्हा हाणलं. गुरुजी पाटावर कोसळले. रक्त मानेवरून सोवळ्यावर ओघळलं. तिसऱ्यांदा उगारलेलं ताम्हन मात्र बाईंनी खाली ठेवलं. हात त्यांनाही आवरता येत होता.

मग त्यांनी एक हुंगलेली कळी बाळकृष्णाच्या डोक्यावर ठेवली. यज्ञेश्वर कण्हत काहीतरी पुटपुटले.

"या बाजूनं बोला," बाई उजवा कान पुढे करत म्हणाल्या, "त्या कानानं मला ऐकू येत नाही."