महाराजांसाठी पान

चिखलीच्या एसटी स्टँडसमोर वामनरावांनी दुकान थाटलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कचेऱ्यांतले कागद इंग्रजीतून मराठीत उतरू लागले होते, आणि वामनराव अकोल्याहून मराठी टाइपिंग शिकून, मराठी यंत्र घेऊन गावी परतले होते. पाटीही त्यांनी शुद्ध मराठीत रंगवून घेतली : 'टंकलेखन व चक्रमुद्रण'. पहिल्याच आठवड्यात, 'चक्र' म्हणजे पिठाची चक्की समजून, एक बाई डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन आली आणि म्हणाली, "बारीक दळजा, दादा." वामनरावांनी पाटी काही बदलली नाही. लोक शिकतील, म्हणाले.

चक्रमुद्रण म्हणजे सायक्लोस्टाइल. कुणी हातानं खरडलेला मसुदा आणायचा आणि वामनराव तो मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचे. यंत्राची अक्षरं मेण कापत जायची. मग ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून दांडा फिरवला, की हव्या तेवढ्या प्रती, सगळ्या एकसारख्या. शाळेची प्रश्नपत्रिका असो की सोसायटीचा अहवाल, चिखलीत जे उमटलं तेच मेहकरात वाचलं जायचं. याचा वामनरावांना भारी अभिमान.

"शाईनं लिहिलेलं खोडता येते," ते गिऱ्हाइकाला सांगत, "मेणात उमटलेलं नाही. आधी काय तो विचार करा, मंग माझ्याकडे या."

घरातही हाच कायदा. सकाळी पिठलं ठरलं म्हणजे पिठलं. गीताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आयत्या वेळी वांगी भाजली तर ते म्हणत, "मसुदा मंजूर झाला होता ना?" गीताबाई मुकाट्यानं भरीत वाढत, आणि वामनराव मुकाट्यानं बोटं चाटत.

जानेफळचे शेषराव म्हणजे याच्या नेमके उलटे. चांगले बागायतदार गृहस्थ, पण नाटकाचा नाद. जत्रेसाठी त्यांनी राजा-सेनापतीचं एक नाटक लिहिलं, ते एकदा लिहून थांबले असते तर बरं होतं. बैल पाण्यावर नेले तरी त्यांना तिथं नवा संवाद सुचायचा. नटांनी हातानं नकला उतरवून घेतल्या होत्या, पण कोणाकडे सोमवारची, कोणाकडे गुरुवारची. एका तालमीत राजानं युद्ध पुकारलं आणि सेनापती त्याच्या सोयरिकीचं बोलू लागला. शेवटी गावानंच शेषरावांना चिखलीच्या गाडीत बसवलं. "जा, वामनरावाकून एकदाचं पक्कं करून आना."

वामनरावांनी शेषरावांना यंत्राशेजारी खुर्ची दिली, ही पहिली चूक.

"थांबा बरं," शेषराव म्हणाले, "त्या 'दुष्टा'च्या जागी 'नराधमा' टाकून द्या."

"उमटून गेलं."

"गेलं कुठं? कागद तं अजून यंत्रातच हाये!"

"शेषराव, सुटलेला बाण भात्यात परत येते काय?"

"वा!" शेषराव खूश झाले. "हे टाका बरं सेनापतीच्या तोंडी."

असं करत करत गाडी एका वाक्यावर आली : 'महाराज, आपल्यासाठी मी जीव देईन.' ते उमटलं आणि शेषरावांचा चेहरा पडला.

"जीव तं कोनीबी देते हो. सेनापतीनं प्राण द्यायले पायजे."

वामनरावांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. शेषराव उठले आणि रुसून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. गीताबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"देऊ द्या न हो त्यायले प्राण. तुमचं काय जाते?"

वामनरावांनी उसासा टाकून लाल औषधाची बाटली काढली. स्टेन्सिलवर चुकलेलं अक्षर बुजवायचं ते औषध. अगदी नाइलाज झाला तरच तिचं बूच निघे. त्यांनी 'जीव' बुजवला, फुंकर मारली, आणि शेषरावांना आणखी काही सुचायच्या आत, औषध पुरतं वाळलं नसतानाच, घाईघाईनं 'प्राण' ठोकला. प्रती निघाल्यावर समास पाहिले, पृष्ठांचे आकडे पाहिले. ते वाक्य मात्र पुन्हा वाचलं नाही. ओल्या औषधात 'प'खालची ती तिरकी रेघ उमटलीच नव्हती. सगळ्या प्रतींत, अगदी एकसारखं, छापलं गेलं : 'महाराज, आपल्यासाठी मी पाण देईन.'

गठ्ठा बांधून देताना वामनरावांनी वर बजावलं, "प्रतीत हाये तेच बोलायचं. काना-मात्रा हलवायची नाही."

सेनापतीचं काम करणारा कडूबा हा वांगी-मिरच्या पिकवणारा सरळमार्गी गडी. त्याच्या बोलीत 'ण' नव्हताच. लोणी ते लोनी, पाणी ते पानी. त्यानं ते 'पान' वाचलं आणि मनावर घेतलं. तालमीत तो 'पान देईन' म्हणे, तेव्हा शेषरावांना वाटे, याची जीभच जड. शिवाय त्यांचं मन पुढच्या नाटकात गुंतलं होतं.

जत्रेच्या दिवशी वामनराव आणि गीताबाईंना मानानं पुढच्या सतरंजीवर बसवलं. उन्हं कलली होती. राजा झालेला मोतीराम मिशीला पीळ देत उभा राहिला. कडूबा त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि गरजला, "महाराज, आपल्यासाठी मी पान देईन!" आणि शेल्यातून त्यानं खरंच पान काढलं. चुना-कात लावलेलं, लवंग टोचलेलं, ठेल्यावरून मुद्दाम बांधून आणलेलं.

मोतीराम गडबडला. पण भर दरबारात मानाचं पान राजानं नाकारावं कसं? त्यानं ते तोंडात घातलं. पुढचं लांबलचक भाषण नेमकं राजाचंच होतं. 'शत्रूच्या रक्ताचे पाट वाहवीन' इथवर येईतो पाट त्याच्या हनुवटीवरून वाहू लागले.

"महाराजाले पिकदानी आना बे!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी जत्रा लोटपोट झाली.

वामनरावांनी मांडीवरची प्रत उघडली, वाक्य शोधलं आणि त्यांचे कान तापले. गीताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना आणखीच हसू फुटलं.

खेळ संपल्यावर वामनरावांनी शेषरावांना बाजूला घेतलं. "चूक माझी हाये. तिथं प्राणच पाहिजे होता. रेघ राहून गेली."

"कायची चूक?" शेषराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. "लोक इचारून राह्यले, शेषराव, हे सुचलं कसं? मी म्हनलं, लय दिवस मनात घोयत होतं. आता तुमी मधात नका येऊ."

वामनरावांनी मग कडूबाची माफी मागितली. कडूबा बुचकळ्यात पडला. "काऊन? पान चांगलं नव्हतं काय?"

तेव्हापासून वामनरावांनी एक नेम केला. पहिली प्रत निघाली की गीताबाईंनी मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि वामनरावांनी छापील प्रतीवर बोट ठेवून तपासत जायचं. पण गीताबाईंना सपाट वाचता येईना. सोसायटीचा अहवालसुद्धा त्या पोथी सांगावी तसा वाचत, आणि शेजारच्या बायका सूप-निवडण घेऊन ओट्यावर जमत.

"'ऐन श्रावणात'," गीताबाईंनी एकदा आवाज खाली आणला, "'संस्थेचे गोदाम गळू लागले...'"

"अगं माय!" शेजारच्या गोजरबाईंचा हात सुपातच थांबला. "मंग? भिजली काय ज्वारी?"

"तपासणी चालू हाये, मधात बोलू नका," वामनराव दटावून म्हणाले. तो सगळा मजकूर त्यांनी स्वतःच सकाळी टाइप केला होता. तरी ते पुढं सरकून बसले, प्रतीवरचं बोट उचललं गेलं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही, आणि म्हणाले, "वाच वं, लवकर वाच."